चिमटा ज्या डिस्कला, तीच खरी

नाही, पण मला एक सांगा, 'माझ्याकडे दिसतंय' या वाक्याचा आजवर जगात कुणाला काडीचा तरी उपयोग झालाय का? म्हणजे समजा तुमचा दात ठणकतोय, तुम्ही गाल धरून डॉक्टरकडे गेलात, आणि त्यांनी स्वतःच्या दातावर टिचकी मारून सांगितलं, 'माझा तर दुखत नाहीये', तर तुम्ही काय कराल? मी तर 'सॉरी' म्हणून घरी परत येईन, माझा स्वभावच तसा, पण निदान कुणीतरी भांडेल ना? आणि त्या शुक्रवारी दुपारी चार वाजल्यापासून मी आणि माझा दादा, दोन शिकलीसवरलेली माणसं, समोरासमोरच्या दोन इमारतींमधून फोनवर हेच एक वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकत होतो. 'लाल आहे.' 'माझ्याकडे दिसतंय.' 'अगं, पण माझ्याकडे लाल आहे.' 'अरे, पण माझ्याकडे दिसतंय.' खालच्या मजल्यावरच्या काकू शेवटी गॅलरीत येऊन म्हणाल्या, 'तुला जे दिसतंय ते त्याला एकदा दाखव ना बाई, आम्हाला जरा पडायचंय.' तेच तर करत होतो, काकू...

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्हा भावंडांना डोळ्यांचा आजार आहे.

आमचे बाबा शनिवारी रिटायर होणार होते. चौतीस वर्षं पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर, त्यातली एकोणतीस सकाळच्या पाळीत. पहाटे घर सोडायचं आणि सहाच्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडून गावाला पाणी सोडायचं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्यावर बारा मिनिटांची फिल्म दाखवायची, असं दादाने परस्पर जाहीर करून टाकलं. दादाचा धंदाच तो. जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म्स, सगळं एडिट करतो. आणि मी कॉलेजात तेच शिकले, त्यामुळे त्याने मला 'आपण दोघं मिळून करू' असं म्हटलं, आणि मी हो म्हटलं. मी घाबरले की हो म्हणते. न घाबरताही हो म्हणते, पण तेव्हा जरा हळू.

आता दादाचा कॉम्प्युटर त्याच्या घरी, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझा आमच्या घरी, आईबाबांकडे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण ती मला आवडत नाही, मध्येच खाकरते. म्हणजे फिल्म एक, माणसं दोन, कॉम्प्युटर दोन. मग दादाने दोन हार्डडिस्क आणल्या. एका दुकानातून, एका दिवशी, एकसारख्या, काळ्या, साबणाच्या वडीएवढ्या. दोन्हींवर सगळं शूटिंग जसंच्या तसं ठेवायचं, फोल्डरांची नावंसुद्धा तीच. कारण काय, तर तुम्हाला वाटत असेल की प्रोजेक्ट म्हणजे फिल्म, पण तसं नसतं हो. प्रोजेक्ट म्हणजे नुसती चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरात जा, तिथला बाबांचा शॉट घे, तिसऱ्या सेकंदापासून सातव्यापर्यंत दाखव. चित्र त्या चिठ्ठीत नसतंच. आणि सांगितलेल्या जागी चित्र मिळालं नाही, तर कॉम्प्युटर काय करतो? विचारत नाही, शोधत नाही, सरळ अख्खा पडदा लाल करून टाकतो, मधोमध बारीक अक्षरांत 'सापडलं नाही' असं लिहून. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीवरून उठून भिंतीला टेकले होते. मला वाटलं, आग.

बरं, चिठ्ठी एक आणि लिहिणारी माणसं दोन, म्हणजे मी इकडे बदल केले आणि दादाने तिकडे केले की झाला गोंधळ. त्यावर उपाय वहिनीने काढला. वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते, त्यामुळे आमच्या घरातलं काही आखडलं की तीच. तिने आमच्या गॅलरीतल्या दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा काढला, लाल, प्लॅस्टिकचा, आणि डिस्कच्या वायरला लावला. म्हणाली, 'चिमटा ज्याच्या डिस्कला, त्यानेच हात लावायचा. दुसऱ्याने गप्प बसायचं. आणि चिमटा असलेली डिस्क, तीच खरी.' किती सोपं, नाही? मला तर एकदम हायसं वाटलं. जगात सगळ्याच गोष्टींना चिमटे असते तर मी इतकी घाबरले नसते.

आणि काय सांगू, चाललं होतं हो आमचं झकास. चिठ्ठी मेलने जायची, एका सेकंदात. चिमटा मात्र पायाने. मी दोन मजले उतरायचे, रस्ता ओलांडायचे, तीन मजले चढायचे, दादाच्या हातात चिमटा द्यायचे, आणि धापा टाकत म्हणायचे, 'घे.' तो म्हणायचा, 'मेल कधीच आला.' समोरचा चपला शिवणारा मला रोज बघायचा, चारदा जाताना चिमटा, चारदा येताना चिमटा. एकदा विचारलंच त्याने, 'ताई, कपडे कुठे आहेत?'

आता खरी गोष्ट पुढे आहे. फिल्ममध्ये सगळं होतं, मशीनं होती, जुने फोटो होते, साहेबांचं भाषण होतं, फक्त बाबा बोलत नव्हते. बाबा मुळात बोलत नाहीत. दादाने अर्धा दिवस कॅमेरा लावून विचारलं, 'चौतीस वर्षांत काय आठवतं?' बाबा म्हणाले, 'हं.' दादा म्हणाला, 'काहीतरी सांगा ना.' बाबा म्हणाले, 'सांगायचं काय, पाणी सोडायचं.' झाला इंटरव्ह्यू. आई तर म्हणाली, 'मला लग्नाआधी बघायला आले होते तेव्हाही एवढंच बोलले होते, पण तेव्हा मला वाटलं लाजतायत.'

आणि त्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात माइक तपासत होते. नुसता तपासत होते हो. बाबा ओट्यापाशी गळका नळ दुरुस्त करत होते, आई बाजारात गेलेली. मी फोन कपाटाला टेकवून चालू ठेवला होता, रेकॉर्डर वेगळा, कारण फोनचा आवाज चांगला येत नाही. आणि बाबा पान्हा फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता, आपणहून बोलायला लागले. म्हणाले, 'सहाला व्हॉल्व्ह उघडला की आपल्या घरी पाणी पोचायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं मी काही करायचो नाही. घड्याळ बघत उभा राहायचो. सव्वासहा झाले की मनात म्हणायचो, आता तुझ्या आईने बादली लावली. मग चहा घ्यायचो.'

एवढंच. मग म्हणाले, 'वॉशर दे.'

मी वॉशर दिला की मीठ दिलं, मला आठवत नाही. तुम्ही कल्पना करा, एकोणतीस वर्षं हा माणूस रोज सकाळी आईच्या बादलीची वाट बघत उभा होता, आणि आईला पत्ताच नाही. मला तेव्हाच कळलं, बाकीची अकरा मिनिटं गेली खड्ड्यात, आईला हे ऐकायला मिळालं पाहिजे, सगळ्यांदेखत, आणि त्यांच्या तोंडून. आणि परत बोला म्हटलं तर बाबा काय म्हणणार? 'हं.' म्हणजे ही एकच संधी. मी इतकी घाबरले, इतकी घाबरले की पळत जाऊन फोनमधला व्हिडिओ पहिल्यांदा सापडेल तिथे उतरवला. आवाज बाकी शिस्तीत डिस्कवर, आवाजाच्या फोल्डरात, आणि मेलने दादाच्याही डिस्कवर. व्हिडिओ कुठे उतरवला, ते लक्षात असू द्या. मी ठेवलं नव्हतं.

इकडे आईचं वेगळंच. तिच्या डझनातला एक चिमटा कमी झालेला. बुधवारी दादा आला तेव्हा तिने पाहिलं, मी चिमटा पाठीमागे लपवतेय आणि तो हात पुढे करून म्हणतोय, 'दे ना, माझी पाळी आहे.' मी म्हणतेय, 'माझं अजून झालेलं नाही.' आता ती आई आहे, तिने काय समजायचं? तिने दोरीवरचा दुसरा लाल चिमटा काढला, दादा निघताना हळूच त्याच्या खिशात घातला, म्हणाली, 'घे, एवढ्यासाठी भांडू नका. मी सॉक्स दोन-दोन एका चिमट्याला लावीन.'

आणि दादाने घेतला! विचारलं नाही, की हा तोच आहे का. त्याला वाटलं, मी आईच्या हाती पाठवला. झालं. बुधवार-गुरुवार दोन दिवस, माझ्याकडे चिमटा आहे म्हणून मी काम करतेय, त्याच्याकडे चिमटा आहे म्हणून तो काम करतोय, दोघंही नियमाने, दोघंही प्रामाणिकपणे, आणि दोघांनाही मनातून वाटतंय, काय शहाण्यासारखं वागतंय समोरचं. मी तर वहिनीला फोनवर म्हटलंसुद्धा, 'दादा किती समजूतदार झालाय.'

शुक्रवारी सकाळी दोन फिल्म निघाल्या. एक त्याची, फोटो होते, संगीत होतं, मशीनं अशी फिरत होती की तुम्हाला पंपाच्या प्रेमात पडावंसं वाटेल. एक माझी, तीत बाबा आणि नळ. वहिनी मध्ये बसली, दोन्ही चिमटे टेबलावर ठेवले, म्हणाली, 'यातला खरा कुठला?' दोघं म्हणालो, 'माझा.' तिने एक उचलून पर्समध्ये टाकला, म्हणाली, 'आता उरलेला खरा. फिल्म ह्याची, त्यात हिचे बाबा घाला.' मी म्हटलं, दोघांचे बाबा आहेत, वहिनी. तर म्हणे, 'तेवढा वेळ नाहीये.'

दादाने माझ्या चिठ्ठीतला बाबांचा भाग उचलला, स्वतःच्या चिठ्ठीत चिकटवला, न बघता पूर्ण फिल्म बाहेर काढायला लावली, म्हणजे चिठ्ठी आणि चित्रं मिळून एक पक्की फाइल बनवायला, आणि चहा प्यायला गेला. चार वाजता आला, आपल्या डिस्कवर तयार फिल्म उघडून बघतो तर नवव्या मिनिटाला आवाज बाबांचा, आणि पडदा... लाल. अख्खा लाल. चाळीस सेकंद.

आता आलात का तुम्ही शुक्रवारी चार वाजता? आलात. 'लाल आहे.' 'माझ्याकडे दिसतंय.' आणि दिसत होतं हो माझ्याकडे, खोटं कशाला बोलू, बाबा, नळ, पान्हा, सगळं लख्ख. मी फोन पडद्यासमोर धरून त्याला दाखवलं. तो म्हणाला, 'ते तुझ्याकडे दिसतंय.' मी म्हटलं, तेच म्हणतेय मी. 'डिस्क बघ.' बघितली. 'फोल्डर बघ.' बघितलं. 'व्हिडिओ आहे?' 'नाही, पण दिसतंय.' मग फार हळू आवाजात, लहान मुलाला विचारतात तसं विचारलं त्याने, 'तू तो डेस्कटॉपवर ठेवलायस का गं?'

डेस्कटॉपवर. 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरात. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात, डिस्कवर नाहीच. चिठ्ठी सांगतेय 'नंतर बघू'मध्ये जा, आणि दादाच्या कॉम्प्युटरवर 'नंतर बघू' कुठून असणार? दादा काही नंतर बघतच नाही.

तर मग काय, व्हिडिओ डिस्कवर घेतला, डिस्क छातीशी धरली, जिना, रस्ता, जिना, दादाच्या कॉम्प्युटरला लावली, आणि लाल गेलं, बाबा आले. मला रडूच आलं. दादाने नवी फिल्म काढून माझ्या डिस्कवर टाकली, तिला उरलेला एकुलता एक चिमटा लावला, आणि म्हणाला, 'ही खरी.' जुनी, लालवाली, त्याच्या डिस्कवर तशीच राहिली. दादा कधी काही पुसत नाही, म्हणतो, लागेल. दोन्हींचं नाव एकच, 'बाबा'.

तुम्हाला कळलंच असेल आता. मला कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दादा-वहिनी आमच्याकडे आले. दादाने स्वतःची डिस्कही आणली, कारण त्याचा नियम, एकाच वस्तूवर विसंबायचं नाही. दोन्ही डिस्क जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी. एकीला चिमटा, एकीला नाही. मी केस विंचरत होते, दादा पट्टा शोधत होता, आणि आईने बाबांचा धुतलेला रुमाल वाळत घातला. वारा सुटला होता. तिने चिमटा शोधला.

मी बाहेर आले, बघते तर डिस्क आहेत, चिमटा नाही. माझ्या तोंडून असा आवाज निघाला की बाबासुद्धा बोलले. म्हणाले, 'काय झालं?' आई म्हणाली, 'अगं, ओरडतेस काय, आणते ना.' गेली, रुमाल काढला, चिमटा आणला आणि लावून टाकला. मी विचारलं, 'आई, त्याच डिस्कला लावलास ना?' ती म्हणाली, 'हो गं, डावीकडच्या.' आता टेबलाच्या ज्या बाजूने ती उभी होती... जाऊ दे. मी हायसं वाटून घेतलं. चिमटा असलेली, तीच खरी.

पंपिंग स्टेशनच्या वर्कशॉपमध्ये कार्यक्रम. पन्नासेक माणसं, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. पहिल्या रांगेत आईबाबा. मागे प्रोजेक्टरपाशी मी, दादा आणि वहिनी. पहिली आठ मिनिटं मी जमिनीवर तरंगत होते म्हणा ना. माणसं हसत होती, फोटोतले केस बघून एकमेकांना कोपर मारत होती, स्टोअरकीपर काका ओरडले, 'अरे, हा पंप तर मीच बिघडवला होता.' मी आईच्या मानेकडे बघत होते. आता येईल. आता बाबा बोलतील.

आणि चादर लाल झाली.

मी खुर्चीखाली गेले. गेले म्हणजे अक्षरशः गेले, पेन पडल्यासारखं करून. दादाचा हात बंद करायला पुढे आलेला मी खालून पाहिला, आणि वहिनीने तो मनगटाला पकडून असा काही दाबला की त्याची बोटं आपोआप उघडली. धंदाच तिचा तो. ती कुजबुजली, 'ऐक.'

मी ऐकलं. काही ऐकूच येत नव्हतं. पन्नास माणसं, चिडीचूप. खुर्ची वाजत नाही, खोकला नाही. नुसते बाबा. 'ती पंधरा मिनिटं मी काही करायचो नाही. घड्याळ बघत उभा राहायचो...' अख्खा हॉल लालेलाल, भिंती लाल, टकलं लाल, आणि त्यात बाबांचा आवाज. '...आता तुझ्या आईने बादली लावली.' मग पान्ह्याचा आवाज. मग 'वॉशर दे.' मग पुढचा फोटो.

नंतर मला कळलं, त्यांच्या पंपघरात दारावर एक लाल दिवा आहे. तो लागला की पंप चालू, आणि पंप चालू असताना कुणी बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. चौतीस वर्षांची सवय हो. लाल दिसलं आणि सगळे जागच्या जागी गप्प झाले. चीफ इंजिनिअर साहेब डोळे पुसत आमच्याकडे आले, म्हणाले, 'लाल दिव्याची कल्पना कुणाची?' दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. तेवढ्यात बाबा म्हणाले, 'हिची.' मी घाबरले आणि हो म्हणाले.

मग गाडीत बसल्यावर आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'अहो, एकोणतीस वर्षं मी साडेसहाला उठायचे.'

बाबा म्हणाले, 'मग बादली?'

'रात्री झोपतानाच नळाखाली ठेवायचे, नळ उघडा टाकून. आपोआप भरायची.'

बाबा म्हणाले, 'सव्वासहालाच ना पण?'

'सव्वासहालाच,' आई म्हणाली. 'आवाजाने अर्धवट जाग यायची. वाटायचं, हं, पोचले हे. मग परत झोपायचे.'

दादा गाडी चालवत होता, त्याने उगाचच वायपर लावले. पाऊस नव्हता.

तर तुम्ही म्हणाल, गोड शेवट. बसा, बसा. पुढच्या महिन्यात स्टोअरकीपर काका रिटायर होतायत. परवा घरी आले, बायको, मुलगी, जावई, सगळे, आणि म्हणाले, 'आमची फिल्म तुम्हीच करायची, आणि मी बोलायला लागलो की ते लाल यायलाच पाहिजे.' मी अर्थातच हो म्हटलं. आता मला एक सांगा, जे चुकून झालं ते मुद्दाम कसं करायचं? नुसता रंग टाकून बघितला, काका म्हणाले, 'हे ते नाही, त्यात मधोमध बारीक अक्षरं होती.' म्हणजे खरोखर हरवायला पाहिजे. मी त्यांचा व्हिडिओ डेस्कटॉपवर ठेवला, डिस्कवरून काढला, 'नंतर बघू'मध्ये टाकला, फोल्डरचं नाव बदललं, चिमटा काढला, चिमटा लावला, शेवटी आईला बोलावून म्हटलं, तू जरा डिस्क आवरून ठेव ना. काहीही करा, दादाच्या कॉम्प्युटरवर काका लख्ख दिसतात. तो म्हणे त्याने काहीतरी नवीन घेतलंय, ते हरवलेलं सगळं आपोआप शोधून आणतं.

आत्ता येताना फोन आला त्याचा. म्हणाला, 'काय गं, झालं का लाल?'

मी म्हटलं, 'दादा, माझ्याकडे लाल आहे.'

तो म्हणाला, 'माझ्याकडे दिसतंय.'